पाकळी पडेपर्यंत

१२ जानेवारी
सकाळी सहा ते दहा, चार चहा. त्यातला एक मीच प्यायले. नवा रस्ता सुरू झाल्यापासून ट्रक वरून, पुलावरून जातात. पूर्वी प्रत्येक ड्रायव्हर दुकानाशेजारच्या आमच्या राखणदार देवापुढे गाडी थांबवायचा, नारळ ठेवायचा, मग दुकानात भाजीपाव. आता पुलावरूनच हॉर्न वाजवून नमस्कार. हॉर्नने काय माझी भाजी खपते!
पाव आणणाऱ्या पोदेराला सांगितलं, उद्यापासून पाव निम्मेच टाक.

१५ जाने.
हे गेल्यापासून यांचे धाकटे भाऊ अधूनमधून शहाणपण शिकवायला येतात. आजचं: "वयनी, राखणदाराक वयर सर्विस रोडार न्हेवया. दुकान पण थंयच. रस्तोच गेलो मां!"
म्हटलं, भावोजी, देव काय गॅसची शेगडी आहे उचलून न्यायला? वर नवी टपरी होणार ती त्यांच्या नावावर आणि मी तिथे कामाला, एवढं कळतं मला. बावीस वर्षं हे दुकान चालवलंय. हलणार नाही.
शेवटी ठरलं, देवळात कौल लावायचा. मनातून धाकधूक.

१९ जाने.
कौल. देवळात कौल लावणाऱ्या घाडीकाकांनी गाऱ्हाणं घातलं, देवाच्या मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. प्रश्न भावोजींनी मनात धरायचा. तासभर उभे. एकही पडेना.
मग घाडीकाकांनी विचारलं, मनात काय धरलंस? भावोजींनी देव हलवू का आणि दुकान हलवू का, दोन्ही एकदम धरलं होतं!
घाडीकाका उखडले, "एका पाकळेक दोन गजाली विचारतत काय रे? देवान खंयची आयकाची?"
पदर तोंडावर धरला तरी हसू फुटलंच. आता जत्रेनंतरच पुन्हा कौल. म्हणजे तेवढे दिवस माझे. दुकान चालतं करून दाखवीन.

२३ जाने.
मागच्या खोल्यांत कोल्हापूर-बेळगावकडचे कामगार राहतात, तुयेच्या कारखान्यांत जाणारे. रोज दुकानावरून जातात, थांबत नाहीत. आज त्यातल्या लक्ष्मीला विचारलंच, का गं?
"पावानं पोट भरत न्हाई बघा, मावशी. भाकरी मिळंल का? जोंधळ्याची?"
इतके महिने पुलाकडे बघत बसले. समोरून जाणारी माणसं दिसलीच नाहीत. माझाच गाढवपणा.

२६ जाने.
जोंधळ्याच्या सहा थापल्या, सहाही तव्यावर टाकताना फाटल्या. तांदळाच्या भाकरीचा हात, दुसरं काय. लक्ष्मी म्हणते, "मावशी, नकाशा काढलाय व्हय?" मग स्वतः बसली. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ, तळव्याने रगडून मळायचं.
बोट भाजलं. उद्या पुन्हा.

४ फेब्रु.
साडेसहाला दारात रांग! भाकरी, झुणका, हिरवी मिरची. पाव उरले, भाकऱ्या संपल्या. एवढा आनंद कित्येक दिवसांत झाला नव्हता.
भावोजी आले. उभ्यानेच दोन खाल्ल्या, "जाड जाल्यात" म्हणाले आणि तिसरी मागितली. टपरीचं मात्र त्यांच्या डोक्यातून जात नाही.

११ फेब्रु.
जत्रा पार पडली. उद्या आठला कौल. भावोजी म्हणाले, या वेळी आधी दुकानाचंच विचारूया.
मी म्हटलं, राखणदाराचं विचारा, तो म्हणेल तसं करा. दुकानाचं मी विचारणार नाही.
"देवापरास शाणी झालंस, वयनी?"
भीती वाटतेच. बावीस वर्षं राखणदाराच्याच शेजारी धंदा केला. तो वर गेला तर मी खाली एकटी, आणि उद्या काही वाईट झालं तर गाव माझ्याकडेच बोट दाखवणार. दाखवू दे.
पीठ चाळून ठेवलंय. साडेसहाच्या भाकऱ्या उरकून मगच देवळात जाईन.