कॉलरवरचं नाव

९ जानेवारी

चौघं आले! दोस्तांची पलटण म्हणतात ती हीच. सरकारी हुकूम – घरटी चार शिपाई ठेवून घ्या. म्हटलं येऊ देत. मुलगा नदीकडं आघाडीवर, सून अवघडलेली, घर नुसतं खायला उठतं. पण पोरांचे कपडे बघितले आणि कपाळाला हात लावला. उन्हाच्या देशातली लेकरं, अंगात पातळ सुती डगले – आणि आमच्याकडं नळातलं पाणी गोठतंय! त्यातला एक इतका उंच की आल्या आल्या चौकटीवर कपाळमोक्ष. त्याला मी शिडी म्हणते. त्याला काय कळतंय! तोही छातीवर हात ठेवून "शिडी, शिडी" करतो. सगळं बोलणं हातवाऱ्यांचं. नवऱ्याशी जन्मभर एकाच भाषेत बोलले, तेव्हा तरी कुठं कळत होतं एकमेकांचं!

१२ जानेवारी

शिडीनं बटाटे सोलले. सालीबरोबर निम्मा बटाटा गेला. सून खदखदून हसली. किती दिवसांनी!

१५ जानेवारी

उद्या पोरांना नदीवरच्या पुलावर नेणार. शिडी खोकतोय. मला राहवेना. मुलाचा जुना लष्करी कोट पेटीत होता – नवा मिळाल्यावर घरी टाकून गेलेला – तो काढला. सून म्हणाली, "आई, कॉलरवर नाव आहे त्यांचं. कोट कुठाय विचारलं तर?" म्हटलं, तो सुखरूप येऊ दे, दहा कोट शिवीन. बाह्या शिडीच्या कोपरापाशीच संपल्या! बाकीच्यांना गल्लीतल्या बायकांनी दिले. ज्यांची ज्यांची मुलं पलटणीत, त्या सगळ्यांच्या पेट्या उघडल्या.

१८ जानेवारी

तोफा. तावदानं थरथरतात. मुलगाही त्याच बाजूला आहे ना! सुनेला कळा येतात, थांबतात. मी भांडी घासत बसले. घासलेलीच.

२० जानेवारी

नात झाली!! एवढीशी मूठ, पण माझं बोट धरलं ते सोडायचं नाव नाही. नाक आजोबांचं – काय करणार, आता आलंय ते आलंय. सुईण म्हणाली, "आजीबाई, आवाज ऐका, तोफांना भारी आहे." मी आनंदानं नुसती इकडून तिकडं. बाहेर धडधड चालू आणि मी आपली गाणं म्हणतेय! लाज नाही मेलीला.

२१ जानेवारी

रेडिओवर सांगितलं – पूल राखला! "आपल्या शूर जवानांनी." बेकरीवाल्यानं फुकट पाव वाटले, त्यानं कधी कुणाला चुरा दिला नाही. दोस्तांच्या पलटणीचा रेडिओवर एक शब्द नाही. मी विचारलं, "आणि आमच्याकडची चार पोरं?" तर म्हणतो, "आजी, ते कुठंतरी मागं हंडे घासत असतील." मेल्या! तुझ्या जिभेला काही हाड?

चौघं अजून आले नाहीत. अंथरुणं घातलेलीच आहेत.

२४ जानेवारी

पलटणीचा कारकून आला. टोपी हातात. मुलगा पुलावर पडला म्हणे.

मी विचारलं, ओळखलं कशावरून? "कोटाच्या कॉलरवर नाव होतं, बाई." चेहरा? तो जमिनीकडं बघायला लागला. मी त्याची बाहीच धरली – कोट नवा की जुना? बाह्या आखूड होत्या का? तो सुनेला म्हणाला, "दुःखानं होतं असं. जपा यांना."

सून म्हणते, "आई, तुमची खात्री आहे?" खात्री कुठून आणू? नव्या कोटावरही नाव असणारच. देवाजवळ मागू तरी काय? माझा नसावा – म्हणजे दुसरा असावा. असं कुणी मागतं का? मी मागते. दिवसभर तेच मागते.

२७ जानेवारी

पुरलं. मी गेले नाही, नातीला घेऊन घरात बसले. "आई असून गेली नाही!" – बोलू देत. गल्लीत आणखी दोन घरी कारकून गेला होता. मी जाऊन विचारलं, तुम्हीही कोट दिला होता ना गं? एकीनं ऐकून घेतलं. दुसरीनं तोंडावर दार लावलं. तिचं तरी काय चुकलं! आस लावणं म्हणजे जखमेवर मीठच.

२ फेब्रुवारी

आला! जिवंत! मागच्या दारानं, बूट न काढता, "आई, भूक लागलीय" करत! सुनेच्या हातातलं दूध सांडलं. त्यानं मुलीला असं धरलं जसं काय फुटेल. गल्लीतली ती दोन पोरंही धडधाकट आहेत म्हणाला. मी तशीच अनवाणी पळत सुटले दोन्ही घरी सांगायला.

मग जेवता जेवता ताटाकडं बघत म्हणाला, "आम्ही पुलावर नव्हतोच, आई. लढाईच्या आदल्या दिवशी आम्हाला मागं हटवलं. तिथं फक्त तेच उरले होते."

"त्यांच्यातले किती परत आले?"

त्यानं घास खाली ठेवला.

मी हसत होते आणि रडत होते. एकाच तोंडानं.

५ फेब्रुवारी

मोठे साहेब आले. गोड बोलतात. मेलेल्यांच्या यादीतून मुलाचं नाव काढू, पण गाजावाजा नको. पूल आपल्या पलटणीनं राखला असं देशभर जाहीर झालंय. कबरींचे दगड कोरून झालेत. आणि मुलाला बढती! आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं. म्हटलं, निदान दगडावरचं नाव तरी बदला, तिथं ते दुसरं पोर आहे.

"काय नाव त्याचं?"

मी तोंड उघडलं. शिडी! आठवडाभर जेवू घातलं, आणि नाव विचारलं नाही.

साहेब गेल्यावर मुलगा म्हणाला, "आई, गप्प बस गं. मला जरा घरात राहू दे." गप्प बसले. मुलगा घरात आहे. मलाही तेच हवं होतं ना?

११ मार्च

दारात एक बाई. माझ्याच वयाची. पातळ सुती कपडे, ओठ निळे पडलेले. हातात आमचा पत्ता लिहिलेला कागद आणि फोटो – शिडी, सगळे दात काढून हसणारा. तिनं एकच शब्द दोनदा म्हटला. त्याचं नाव. मी म्हणून बघितलं, चुकलं, तिनं परत सांगितलं. आता येतं मला.

तिला शेगडीपाशी बसवलं. नात तिच्या मांडीवर दिली. मग आत गेले. मुलगा खाटेवर बसून होता, सगळं ऐकलेलं.

म्हटलं, "ऊठ. यांना तुझी कबर दाखवायचीय."