गल्लीत एका नावाचे तिघे

बाबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मला सहावीच्या पुढचं लिहिता येत नाही, तरी लिहून राहिलो. आज वखार बंद आहे. इथं समुद्राच्या काठाला जहाजातून ओंडके उतरतात आणि मी ते कापायला आऱ्यावर लावतो. तुमचंच काम. पण लकडगंजच्या सागवानाचा जो वास तुमच्या बनियनला असायचा तो या लाकडाला नाही. हे खाऱ्या पाण्यात भिजून आलेलं, कुठल्या जंगलातलं कोणास ठाऊक. आपल्या गल्लीतल्या टेलरच्या पोराचं कार्ड येऊन बारा दिवस झाले. दगडफेकीची त्याची केस आता कुठं उभी राहिली, पुढच्या महिन्यात तारीख आहे, आणि मी येऊन साक्ष द्यावी असं त्याचं म्हणणं आहे. त्या दिवशी तो दुकानात होता एवढंच सांग, म्हणतो. आठ वर्षं झाली त्या गोष्टीला. बाबा, तो दगड मी मारला होता.

छप्पनच्या दसऱ्याला तुम्ही पांढरे कपडे घालून दीक्षा घ्यायला त्या मैदानावर गेले, तेव्हा माय दोन जिवांची होती. मी झालो तेव्हा जुनी नावं टाकायची होती आणि नवी फार कोणाला माहीत नव्हती. भंतेजींनी एक सांगितलं, ते तुम्ही ठेवलं, टेलरनं ठेवलं, कोपऱ्यावरच्या हमालानंही ठेवलं. गल्लीत एका नावाचे तिघे झालो. हाक मारली की तीन दारांतून ओ यायची. मग लोकांनी बापाच्या धंद्यावरून आम्हाला वेगळं केलं, आऱ्यावाल्याचा, टेलरचा, हमालाचा. तुम्ही हसायचे, म्हणायचे, "धर्म बदलला, पण ओळख काई बापाची सुटली नाई गा."

अठ्ठ्याहत्तरचा तो पावसाळा मला आठवतो तो आऱ्याच्या आवाजानं. तुम्ही आणि पारशिवनीकडचे काका, ते दुसऱ्या जातीचे, पंधरा वर्षं एकाच मशीनवर. ते ओंडका ढकलायचे, तुम्ही पलीकडून ओढायचे. मध्ये पातं. "चाल", "थांब", "जरा डावीकडं", सगळं तोंडानं. मग मराठवाड्यातल्या विद्यापीठाला आपल्या माणसाचं नाव द्यायचं सभागृहात ठरलं, आणि तिकडच्या खेड्यांत आपल्या लोकांची घरं पेटली. तुमचा डबा द्यायला मी आलो होतो तेव्हा काका म्हणाले, "नाव बदलल्यानं पोट भरते का गा?"

तुम्ही भाकर मोडत म्हणाले, "नाई भरत. मंग तुमचं काहून दुखून राहिलं?"

बाकीचे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी डबा बंद केला आणि उठून गेले. दुसऱ्या दिवसापासून तुमच्या दोघांत बोलणं बंद. थांबायचं असेल तर काका ओंडक्यावर मुठीनं ठोकायचे. मशीनच्या आवाजात ते ठोकणं कधी ऐकू यायचं, कधी नाही. फळ्या तिरप्या निघू लागल्या. मालक ओरडला, तरी तुम्ही दोघं बोलले नाहीत. घरी येऊन तुम्ही म्हणाले, "एवढ्यात राग येईन असं वाटलं नाई मले." तुम्हाला वाईट वाटत होतं, पण आधी कोणी बोलावं हा प्रश्न होता. मला वाटतं देशातही बरंचसं असंच झालं असेल.

तेव्हा मी कोराडीच्या वीजघरात ठेकेदाराकडं राख उपसायला होतो. विद्यापीठाच्या नावासाठी मोर्चा निघाला त्या दिवशी कामावर गेलोच नाही. तुम्हाला सांगितलं कामावर चाललो, आणि चौकात गेलो. घोषणा दिल्या, बरं वाटलं. आपल्या आवाजात एवढे आवाज मिसळले की माणसाला आपण उंच झाल्यासारखं वाटते. मग लाठ्या सुरू झाल्या, लोक पळाले, दगड उडाले. त्या खेड्यांतल्या जळालेल्या घरांसाठी मारला असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण सगळे मारत होते म्हणून मारला. तो हवालदार मला मारत नव्हता. तो पान थुंकायला वळला होता. दगड भुवईवर लागला आणि तो खाली बसला. कोणीतरी माझ्या नावानं ओरडलं, पळ म्हणून. पोलिसांनी माझा चेहरा पाहिला नाही. नाव ऐकलं.

पळताना चपला गेल्या. घरी आलो तेव्हा तुम्ही चुलीपाशी होते. माय गेल्यापासून स्वयंपाक तुमचाच.

"पायाले का झालं?"

"बस बंद होत्या. कोराडीवरून पायी आलो. चप्पल तुटली."

"अरे, तिथंच कुठं वऱ्हांड्यात राहायचं ना गा."

"तुम्ही एकटे होते ना."

हे मी बोललो. तुम्ही वरण उतरवून ठेवलं, त्याच विस्तवावर पाणी तापवलं, हळद टाकली आणि माझे पाय परातीत धरले. एका पायातून काच निघाली, ती तुम्ही नखानं काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास पोलीस आले. साहेबानं नाव घेतलं तर हमालाची बायको म्हणाली, "कोणता पायजे? आमच्या गल्लीत तीन आहेत."

"तिन्ही काढा," साहेब म्हणाला.

तिचा पोरगा गोंदियाला मामाकडं होता. राहिलो दोघं. तुम्ही दारात उभे राहिले, बनियनवर भुसा तसाच. "साहेब, माझा पोरगा काल कोराडीले होता. पायी आला. पाय पाहून घ्या त्याचे." मी खाटेवर बसलो होतो. साहेब आत आला आणि मी पाय पुढं केले. त्यानं पाहिले, मान हलवली.

टेलरच्या पोराला त्यांनी दुकानातून आणलं, गळ्यात टेप तशीच. "साहेब, मी गणवेशाचे काजं करून राहिलो होतो काल. पंधरा ऑगस्ट जवळ आला ना," तो म्हणाला. पण गाव बंद होतं, दुकानात कोणी आलेलं नव्हतं. त्याची माय तुमच्याकडं वळली. "भाऊजी, तुमी सांगा ना. तुमचं आयकतात ते."

"हा पोरगा तसा नाई साहेब," तुम्ही म्हणाले.

"मग तसा कोण आहे? नाव तर खोटं नाही ना?"

त्याचं उत्तर माझ्यापाशी होतं. मी खाटेवरून उठलो नाही.

त्याला घेऊन गेले, तो अकरा दिवसांनी जामिनावर आला. डावा गुडघा वाकत नव्हता, तो अजून वाकत नाही. पायानं चालवायची मशीन त्याची सुटली, आता हातानं काजं-बटणं करतो. त्या दिवशी जेवताना तुम्ही म्हणाले, "ज्यानं मारला त्यानं यायले पायजे होतं. आपल्यातलाच असून तोंड लपवून बसला कुठं." मी पाण्याचा तांब्या उचलला आणि ठेवला. महिनाभरात ठेकेदाराच्या टोळीसंगं इकडं निघून आलो. लोकांना वाटलं कामासाठी गेला. तुम्ही स्टेशनवर सोडायला आले होते, खिडकीतून हात धरून म्हणाले, "पाय जप."

तुम्ही गेल्याची तार मला उशिरा मिळाली. पोहोचलो तेव्हा तिसरा दिवस होता. अग्नी टेलरच्या पोरानं दिला होता. पाय ओढत घाटापर्यंत चालत गेला म्हणतात. तिथल्या कारकुनानं मुलाचं नाव विचारलं, तर यानं आपलंच सांगितलं आणि कारकुनानं ते लिहिलं. म्हणजे त्या वहीत नाव बरोबर आहे, अग्नी देणारा हात माझा नव्हता. पारशिवनीचे काका आले होते. कोणाशी बोलले नाहीत, पण लाकडं त्यांनीच रचली.

विद्यापीठाचं नाव अजून जुनंच आहे, बाबा. मंत्री किती बदलले. मोर्चात पुढं असलेल्यांचे आता चार गट झाले, निवडणुकीत वेगवेगळ्या जीपमधून येतात, एकमेकांकडं पाहत नाहीत. ज्यांची घरं जळाली त्यांनी परत बांधली असतील किंवा शहरात गेले असतील. इथं माझ्या टोळीत मराठवाड्यातला एक आहे. दुसऱ्या जातीचा. आम्ही एकाच आऱ्यावर आहोत, चांगलं बोलतो. त्या पावसाळ्यात तू कुठं होता, हे त्यानं मला विचारलं नाही आणि मी त्याला नाही. न विचारण्यावर आमचं बरं चाललं आहे. थकवा येतो त्याचाही.

एका गोष्टीनं मला झोप येत नाही. कोराडीवरून मी रोज यायचो तेव्हा पायांवर राख असायची, धुतलं की पाणी करडं निघायचं, तुम्ही चिडायचे परात घाण झाली म्हणून. त्या दिवशी हळदीचं पाणी लाल झालं. करडं नव्हतं. लाकडाचा जरा रंग बदलला की आत खिळा आहे म्हणून मशीन थांबवणारे तुम्ही, तुम्हाला ते दिसलं नसेल का? दिसलं नसेल, तर मी तुम्हाला साऱ्या गल्लीसमोर खोटं बोलायला लावलं. आणि दिसलं असेल, तर तुम्ही एकाच नावाच्या दोघांतून आपला ठेवला आणि त्यांचा दिला. मग जेवताना जे म्हणाले ते मलाच म्हणाले. यातलं कोणतं खरं असावं असं मला वाटते, तेही मला सांगता येत नाही.

त्यानं कार्डात खाली लिहिलं आहे, तुझे बाबा असते तर तेच आले असते, मला तुला लिहावं लागलं नसतं. गेलो तर कोर्टात काय सांगायचं ते मला माहीत आहे. दगड त्यानं मारला नाही हे मला कसं ठाऊक, असं वकील विचारणारच, आणि त्याचं उत्तर एकच आहे. बारा दिवस झाले. आज दुकानातून कागद आणले ते त्याला उत्तर लिहायलाच आणले होते, बाबा. तुम्हाला लिहिता लिहिता एकच उरला आहे, तो कोरा आहे.