पोस्टमास्तरचा सिनेमा आणि पाण्याचा अर्ज

बाबा, परवा टीव्हीवर तुमचा सिनेमा लागला होता. नव्या पोस्टमास्तरचा. एसटीच्या टपावरून तो लाल सायकल उतरवून घेतो आणि दोन तासांत अख्ख्या गावाचं भलं करून टाकतो. इथे निजामपुऱ्याच्या आमच्या घरात मुलं पोट धरधरून हसली. शेवटी कंजूष सरपंच स्वतः विहिरीतून पहिली बादली ओढतो, तेव्हा ह्यांनी तर डोळेसुद्धा पुसले. मी मात्र उठून स्वयंपाकघरात गेले आणि कोणी मागितला नसताना चहा टाकला. मला तो सिनेमा बघवत नाही. त्यातलं वाक्य न् वाक्य मला पाठ आहे, आणि ते कोणामुळे, हे तुम्हाला सांगायला नको.

सरकारी खात्याच्या गाडीतून गावोगाव हा सिनेमा दाखवायचा, हे तुमचं काम. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आपल्या दोन खोल्यांत त्या कामाचा काय तोरा होता! शेजारच्या काकू विचारायच्या, आज कुठलं गाव सुधारायला निघालात, आणि तुम्ही मफलर गुंडाळत ऐटीत सांगायचात, संखेड्याकडचं. मी दहा वर्षांची असताना दिवाळीच्या सुट्टीत हट्ट करकरून तुमच्याबरोबर आले. डभोईच्या पुढचं लहानसं गाव. तुम्ही शाळेच्या मैदानात पडदा बांधताय, मी रिळांच्या पेटीवर बसलेय, आणि माझ्याच वयाची एक मुलगी जवळ येऊन माझा फ्रॉक निरखतेय. ती हसली तेव्हा तिचे दात तपकिरी दिसले. मी आगाऊपणे विचारलं, तंबाखू खातेस का गं? तिला राग आला नाही. हँडपंपाचं पाणीच असं आहे, म्हणाली.

अंधार पडल्यावर सिनेमा झाला, टाळ्या झाल्या, आणि लोक पांगत असताना त्या मुलीची आजी घडी घातलेला कागद घेऊन तुमच्यापुढे उभी राहिली. "ए पोस्टमास्तर तो पडदामां रह्यो, भाई," ती म्हणाली. "तमे तो सामे ऊभा छो." तो पोस्टमास्तर पडद्यातच राहिला, तुम्ही तर समोर उभे आहात. सरकारच्या गाडीतून आलात, तर आमचा एवढा अर्ज साहेबांपर्यंत पोचवा, एवढंच तिचं मागणं. पंपाच्या पाण्याने पोरांची हाडं वाकतात, दुसरं पाणी द्या, असं त्यात लिहिलं होतं आणि खाली सगळ्या गावाचे अंगठे. तुम्ही तो कागद कपाळाला लावलात. सोमवारी देतो, म्हणालात. परत येताना गाडी लागून मला सारखं मळमळत होतं, पण मी हूं की चूं केलं नाही. पोस्टमास्तरच्या मुलीने कुरकुर कशी करायची?

सोमवारी मी विचारलं, तुम्ही 'दिला' म्हणालात. मी शाळेत तुमच्यावर निबंध लिहिला आणि बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. मग उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, आलं. फाटलेला पतंग जोडायला तुमची रीळ जोडायची चिकटपट्टी हवी म्हणून मी हत्यारांचा पत्र्याचा डबा उघडला, तर अर्ज त्यातच. तुम्ही मला समोर बसवून समजावलंत. पूर्वी एकदा असाच कागद नेला होतात, तर साहेबांनी चारचौघांत झाडलं होतं, की ऑपरेटरने पुढारीपणा करायचा नाही. नोकरी कायम व्हायची होती अजून. वेळ बघून देईन, म्हणालात. आणि मी, एवढीशी कार्टी, काय बोलून गेले?

"पोस्टमास्तरने दिला असता."

तुम्ही कात्री घेतलीत. चिकटपट्टी कापलीत आणि माझा पतंग जोडून दिलात. पुढच्या वर्षी त्याच गावाचा फेरा आला, तेव्हा तुम्ही पांघरूण घेऊन पडून राहिलात आणि 'बाबांना ताप आहे' असं ड्रायव्हरकाकांना दारातून मी सांगितलं. ताप कसला नि काय. मग घरोघर केबल आली, गाडी बंद झाली, नोकरी कायम झालीच नाही, आणि तुम्हीही गेलात. डबा मी माझ्याकडे आणला. इतकी वर्षं तो माझ्या माळ्यावर आहे. तुम्हाला निदान साहेब आडवा येत होता. मला कोण अडवत होतं?

परवाच्या सिनेमानंतर राहवेना, म्हणून काल एसटी पकडून त्या गावी गेले. अर्ज पर्समध्ये. कागद हातात द्यायचा आणि तुमच्या वतीने, माझ्या वतीने माफी मागायची, असं अगदी ठरवून. आजी केव्हाच गेली. तपकिरी दातांची ती मुलगी, आता माझ्यासारखीच बाई झालेली, ओट्यावर तूर निवडत बसली होती. उठताना तिने काठी घेतली, तेव्हा तिचे पाय दिसले. दोन्ही गुडघ्यांतून बाहेर वाकलेले. बडोद्याच्या फिल्लमवाल्याची मुलगी म्हटल्यावर तिला काय आनंद झाला, बाबा! शेजारणींना हाका मारमारून सांगायला लागली, ह्यांच्या बापुजींनी आपला अर्ज नेला होता, म्हणून गावात नळ आला. नळ आला तुम्ही गेल्यानंतर, कालव्याचं पाणी सगळ्याच गावांना मिळालं तेव्हा. "मोडुं आव्युं, पण आव्युं तो खरुं," ती म्हणाली. उशिरा का होईना, आलं. तिच्या पायांना त्याचा उपयोग नव्हता. पण तिने आपल्या लेकीला बोलावून मला तिचे दात दाखवले. पांढरेशुभ्र. तुम्ही त्या सोमवारी अर्ज दिला असता, तर पाणी आधी आलं असतं का? कोण जाणे. साहेबाने फाडून टोपलीतही टाकला असता. पण हे 'कोण जाणे' कालपासून पाठ सोडत नाही.

तिने त्याच नळाच्या पाण्याचा चहा केला. "तमारा बापुजी तो देव जेवा माणस हता," म्हणाली. देवासारखे होतात म्हणे तुम्ही. पर्स माझ्या मांडीवर होती, चेन अर्धी उघडलेली.

अर्ज पुन्हा डब्यात ठेवलाय. हे पत्रही त्यातच ठेवीन, दुसरीकडे ते जाणार कुठे? तेवढं एक सांगायचं राहिलं. मी पर्सची चेन लावली आणि "हा, एवा ज हता," म्हणाले. हो, तसेच होते. आणि बाबा, ते म्हणताना मला फार बरं वाटलं.