एका आळ्यात दोन वेल

ती. भाऊजींना सप्रेम नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? जाऊबाईंचा खोकला थांबला असेल असं धरून चालते, कारण परवा फोनवर तो मागून ऐकू आला नाही (किंवा तुम्ही त्यांना दुसऱ्या खोलीत पाठवलं असेल). मी बरी आहे. दोन्ही वेळा जेवते, झोप लागते, रक्तदाबाची गोळी चुकवत नाही. हे तुम्ही विचारलं नव्हतं, पण विचारणार होतात असं समजून लिहिलं. तुमचा पहिला प्रश्न होता, ‘वेल कसे आहेत?’ आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तोवर तुम्ही पुन्हा दूधपाण्याचं प्रमाण सांगायला लागलात. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राच्या मध्येच कोणाला बोलता येत नाही.

वेल बरे नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा जीव टांगणीला लागणार नाही. काकडीच्या सगळ्या मांडवावर भुरी पसरली आहे. पानांवर कोणीतरी पीठ चाळल्यासारखं दिसतं. खालची पानं वाळून गळतात, रोग वर सरकतो, आणि असंच चाललं तर बियाण्यापुरती एखादी काकडी पिकून पिवळी व्हायच्या आतच वेल जातील. ह्यांनी हाताने पेरलेलं हे शेवटचं. ते जगावेत एवढीच माझी इच्छा आहे. तुमचीही तीच आहे, हे मला माहीत आहे. आपलं भांडण त्याच्या पुढचं आहे.

तुम्हाला आठवत असेल, ह्यांचं सगळं आटोपल्यावर तुम्ही मागच्या दारी गेला होतात. रोपं नुकती वर आली होती, प्रत्येक आळ्यात दोन. तुम्ही बराच वेळ तिथे उभे राहिलात आणि मला म्हणालात, ‘त्याच्या हातचं एकही रोप काढायचं नाही. आणि विष मारायचं नाही.’ मी मान हलवली. (मी मान हलवते. दवाखान्यात औषधं देण्याच्या नोकरीत माझी हयात गेली. खिडकीपलीकडचा माणूस आपलं दुखणं सांगत असतो तेव्हा मान हलवायची, त्याला तो होकार वाटतो. आपण फक्त बाटली शोधत असतो.) विषाचं मला मान्यच होतं. त्या वाफ्यात ह्यांनी कधी कसलं रसायन येऊ दिलं नाही, आणि मीही आणणार नाही. पण रोपांचं मी मान्य केलं नव्हतं, भाऊजी. आळ्यात दोन बिया टाकतात त्या एक रुजली नाही तर दुसरी असावी म्हणून, आणि दोन्ही रुजल्या तर एक काढायची असते. स्वतःच्या शेतात विरळणी करताना तुमचा हात थांबत नाही, हे मी पाहिलेलं आहे. यंदा इथे झाडून सगळ्या बिया रुजल्या. तुम्ही तेवढं बोलून गेलात, ते परत काही आला नाहीत, आणि मी पाळत बसले.

मग भुरी दिसल्यावर पहिल्यांदा दूध. तुमचंच, मागच्या एका फोनवरचं. एकास दहा हे प्रमाण ऐकून बरं वाटलं, निदान आकडा तरी होता. पण तुम्ही ‘एक पेला दूध, दहा पेले पाणी’ म्हणालात आणि पेला कुठला ते सांगितलं नाही. मी मोजपात्र काढलं. सकाळी ऊन चढायच्या वेळेला, पानाच्या वरून आणि खालून, सगळं तुमच्या सांगण्याप्रमाणे. पण मांडव मोठा, पानं दाट, त्यामुळे जास्तीचं दूध लावावं लागलं. दूधवाल्याने दुसऱ्याच दिवशी विचारलं, ‘पाहुणे आलेत वाटतं?’ मी खरं ते सांगितलं, की दूध वेलांना लागतं. तो ‘बरं बरं’ म्हणाला आणि सायकलची घंटी न वाजवता गेला. तेव्हापासून गल्लीतले लोक माझ्याशी हळू आवाजात बोलतात. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने तर परवा माझी पिशवी घरापर्यंत आणून दिली आणि निघताना ‘काही लागलं तर सांगत जा, एकटीने वेलांशी बोलत बसू नका,’ असं सांगून गेला. मी वेलांशी बोलत नाही. मी माणसांशीसुद्धा फारसं बोलत नाही. शिवाय शेजारची मांजर. ती पहाटेपासून मांडवाखाली येऊन बसते, आणि फवारणी झाली की हाताशी येतील तेवढी पानं चाटते. मांजरीला भुरी चालते की नाही, हे तुम्ही सांगितलं नव्हतंत.

त्यानंतर उपाध्यक्ष आले. ह्यांच्या बागकाम मंडळाचे. (हे गेल्यापासून तेच अध्यक्ष आहेत, पण सगळे त्यांना उपाध्यक्षच म्हणतात, आणि तेही त्याच हाकेला ओ देतात.) भेटायला म्हणून आले होते. मागच्या ओट्यावर बसले, चष्मा पुसला, घसा साफ केला आणि म्हणाले, ‘वहिनी, तो माणूस म्हणजे...’ तेवढ्यात त्यांचं लक्ष मांडवाकडे गेलं. ‘अरे, ही तर भुरी.’ तो माणूस म्हणजे काय, हे मला अजून कळलेलं नाही. ते उठले ते थेट पानांत शिरले. दूध म्हणे कुचकामी, ताक पाहिजे, चांगलं आंबट, थोडं जुनं. मी विचारलं, किती जुनं. म्हणाले, ‘ते वासावरून कळतं.’ आयुष्यभर थेंब मोजून औषध दिलेल्या बाईला हे सांगणं म्हणजे काय, ते तुम्ही समजू शकाल. वासावरून कळलं. सगळ्या गल्लीला कळलं. ते स्वतः पंप घेऊन आले, पण आले संध्याकाळी, कारण त्यांना संध्याकाळी वेळ असतो. पानं रात्रभर ओली राहिली. पानांवर जे काही मारायचं ते सकाळी, म्हणजे दिवसभरात वाळतं, हे ह्यांनी मंडळात इतक्यांदा सांगितलं होतं की मला पाठ आहे. उपाध्यक्षांचंही पाठ असणार, ते पुढच्याच खुर्चीत बसायचे.

ताकाने भुरी गेली नाही, तेव्हा राख आली. ती भट्टीवाल्याकडून पोतंभर आणून उपाध्यक्षांनी फाटकापाशी ठेवली आणि ‘धुरळायची, अंदाजाने’ एवढं सांगून गेले. मी अंदाजाने धुरळली आणि वारा सुटला. भिंतीपलीकडे शिंपीण राहते, तुम्ही तिला पाहिलं आहे, उंच आहे ती. तिने इस्त्रीआधी पाणी मारून कपडे वाळत घातले होते, त्यात एका नवऱ्या मुलाचा काळा सूट. तो करडा झाला. ती भिंतीवरून डोकावली आणि म्हणाली, ‘काकी, दुःख मी समजू शकते, पण हे माझ्या गिऱ्हाइकाला कसं समजावू?’ मी भिंत ओलांडून गेले (म्हणजे फाटकातून गेले) आणि ब्रशने सूट झाडत बसले. तिथून आपला मांडव दिसतो. ती म्हणाली, ‘एका सदऱ्यात दोन माणसं कोंबल्यासारखं दिसतंय तुमचं. घाम येणारच.’ मी मान हलवली. पण ही मान खरी होती.

आता सभेचं सांगते आणि मग मुद्द्यावर येते. मंडळाने ठरवलं की ह्यांच्या आठवणीची सभा सभागृहात न घेता ह्यांच्या वाफ्यातच घ्यायची. कल्पना चांगली होती. सगळे आले, खुर्च्या मांडल्या, उपाध्यक्ष दोन शब्द बोलले (ह्या वेळी पूर्ण बोलले, पण कागदावरून), आणि दोन मिनिटं शांत उभं राहायचं ठरलं. मी डोळे मिटले होते. मध्येच सळसळ ऐकू आली म्हणून उघडले, तर मंडळाचा एकूण एक सभासद मान खाली घालून, हात पुढे करून, जवळच्या पानाची खालची बाजू उलटून बघत होता. शांतता मात्र कोणी मोडली नाही, तेवढं म्हणायला पाहिजे. ती संपली तशी सगळ्यांनी एकदम तोंड उघडलं. लसूण वाटून, साबणाचं पाणी, खाण्याचा सोडा. सोड्याला बहुमत मिळालं. प्रमाणावर एकमत झालं नाही, म्हणून प्रत्येकाच्या प्रमाणाची सरासरी काढली. औषधाची सरासरी काढलेली मी पहिल्यांदा पाहिली. दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. म्हणजे आता भुरी आहे आणि शिवाय भाजलं आहे.

भाऊजी, ह्यातलं काहीच चालणार नव्हतं, आणि हे मला पहिल्या पांढऱ्या ठिपक्यापासून माहीत होतं. वेल दाटीत आहेत. पानात पान अडकलं आहे, मध्ये वारा नाही, ऊन नाही, ओल सुटत नाही. बुरशीला आपण खोली भाड्याने दिली आहे आणि वरून दूध पाजतो आहोत. ह्यांच्या भाषणात पहिलं वाक्यच ते असायचं: फवारा नंतर, आधी जागा. वेलाला वेलापासून लांब ठेवा, पाणी मुळाशी घाला, जमिनीलगतची पानं काढा, रोगट पान खतात टाकू नका. सगळ्या मंडळाला शिकवलं आणि स्वतःला मात्र एक रोप काढवत नसे. दर वर्षी विरळणीच्या दिवशी हे केस कापायला जायचे. गरज असो वा नसो. मी कात्री घेऊन प्रत्येक आळ्यातलं एक रोप जमिनीलगत कापायची, कापलेली रोपं गुंडाळून लांब टाकून यायची. हे परत आले की वाफ्याकडे न बघता म्हणायचे, ‘मोकळं वाटतंय.’ मी विचारायची, ‘डोक्याला का?’ ‘डोक्यालाही,’ म्हणायचे. इतकी वर्षं आम्ही ह्यापलीकडे त्यावर एक शब्द बोललो नाही.

ह्या वर्षी केस कापायला कोणी गेलं नाही आणि कात्री खिळ्याला राहिली. वर तुमचा शब्द. म्हणून विचारते: तो शब्द मागे घ्या. अर्धे वेल काढू द्या. नाहीतर सगळे जातील आणि आपण ह्यांच्या हातचं एकही काढलं नाही, एवढंच समाधान घेऊन बसू. तुमचं मन दुखावत असेल तर माफ करा, पण ताकाचा वास अजून जात नाही आणि माझी सहनशक्ती संपत आली आहे. उत्तर लवकर पाठवा. जाऊबाईंना नमस्कार सांगा, गुडघ्याला शेक द्या, आणि मला दुसरं कुठलंही मिश्रण कळवू नका.

तुमची धाकटी भावजय

ता. क. वरचं पत्र काल लिहिलं. आज सकाळी पाकीट आणायला निघाले आणि कात्री घेऊन मागे गेले. अर्धे वेल काढले. उपटले नाहीत, शेजारच्याच्या मुळांना धक्का लागू नये म्हणून जमिनीलगत कापले. राहिलेल्यांची खालची रोगट पानं काढली, सगळं गोळा करून फाटकाबाहेर टाकलं, मुळाशी पाणी घातलं, आळ्यांवर वाळलेलं गवत पसरलं. आता मांडवातून पलीकडची भिंत दिसते. तेव्हा वर परवानगी मागितली आहे ती वाचलीत तरी चालेल, देण्याची गरज नाही. रागवायचं असेल तर रागवा.

आणखी एक. प्रामाणिकपणे लिहायचं तर दुधाने थोडा फरक पडला होता. मांजर पोहोचत नाही तिथली वरची पानं बाकीच्यांपेक्षा बरी आहेत. हे तुम्हाला कळवायचं नाही असं मी ठरवलं होतं.

शेवटचं. अर्धे काढले असं लिहिलं, ते पुरतं खरं नाही. नळाजवळच्या आळ्यातले दोन्ही वेल तसेच आहेत. दोनदा खाली बसले आणि दोनदा उठले. दोन्ही सारखेच जोमदार आहेत, एकमेकांत गुंतून वर गेले आहेत, आणि कुठला ठेवायचा ते मला ठरवता येत नाही. फार दिवस तसे ठेवले तर भुरी तिथूनच पुन्हा सगळीकडे जाईल. त्या दिवसानंतर तुम्ही इकडे फिरकला नाहीत, ते का, हे मला कळतं. मी विचारणार नाही, तुम्ही सांगू नका. पण हे काम फोनवर होणारं नाही. या. मोठे तुम्ही आहात, तुम्ही ठरवा.