काळीची कलमं

१२ जानेवारी
बस! या वर्षी शेवटचं. दादाला तोंडावर सांगितलं — ही कलमं फुटली की मी चालले. मैत्रिणीने शहरात फुलांचं दुकान घेतलंय, वरची खोली माझ्यासाठी ठेवलीय. दादा रोपांना पाणी घालत होता. वर न बघता म्हणाला, "जा की. तुला कोणी अडवलंय?" गेल्या वर्षीही हेच म्हणाला होता. त्याच्या आदल्या वर्षीही!

अडवलंय काळीने. ही इथली जुनी द्राक्षं — जाड सालीची, बियांची. लोकांनी वेली उपटून टाकल्या. आता वाइनवाल्यांना तीच हवीत, आणि अख्ख्या पंचक्रोशीत वेल उरलीय एकच, आमच्या नर्सरीच्या गोदामामागे. तिच्या काड्या इतक्या बारीक की कलम करताना दादाच्या बोटांत मोडतात. माझ्या मोडत नाहीत. झालं! जन्माची कैद.

१५ जानेवारी
वहिनीला शिकवायला घेतलं. खाली रानवेलीचा खुंट, वर काळीची काडी. खुंटाचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, आधी खरवडून काढायचे, नाहीतर तोच फुटतो आणि वरची काळी उपाशी मरते. मग खुंटाला चीर, काळीच्या काडीला पाचरीचा आकार, सालीला साल भिडवायची आणि पट्टी गुंडाळायची. "हात किती हलका गं तुझा!" म्हटलं. ती लाजली नाही, हसलीही नाही. दमली असेल.

१९ जानेवारी
एक ट्रे माझा, एक वहिनीचा. जोड भरून यायला दोन्ही उबेच्या खोलीत ठेवले.

३ फेब्रुवारी
त्या खोलीत शिरलं की जीव गुदमरतो. दमट, खिडकी नाही, केसांना बुरशीचा वास. जेवताना दादा म्हणाला, "तू गेलीस की टाळंच लावू नर्सरीला." वर वाढून घेतलं आणि निवांत जेवला! वहिनी ताटात बघत होती.

१४ फेब्रुवारी
फुटली!! दोन्ही ट्रेमध्ये हिरवे कोंब! वहिनीला मिठीच मारली. मैत्रिणीला फोन केला — खोली झाडून ठेव.

१७ फेब्रुवारी
कशाचं काय! पानं उलगडली. वहिनीच्या ट्रेमधली सगळी गुळगुळीत, चकचकीत — खुंटाची. काळीचं पान मागून लवदार असतं. माझ्याच ट्रेमध्ये काळी.

"नाही जमत तिला," दादा म्हणाला. "तुलाच बघावं लागणार." आवाजात काळजी, चेहऱ्यावर खुशी. मोरीत नळ सोडून रडले.

१८ फेब्रुवारी
वहिनीची कलमं फेकायला काढली. सहज एकाची पट्टी सोडली. जोड चहूबाजूंनी भरून आलेला! इतका सुबक माझाही नसतो. पण काळीचा डोळा नखाने खुडलेला. दुसरं सोडलं — तेच. तिसरं, तेच. आणि खालचे, खुंटाचे डोळे खरवडलेलेच नव्हते.

वहिनी भांडी घासत होती. कलम समोर धरलं. तिने हातही थांबवले नाहीत. "मला जमलं असतं तर तू गेली असतीस. मग त्या खोलीत कोण? मीच ना?" ताट विसळून ठेवत म्हणाली, "मलाही नको आहे गं हे. तुला निदान जायला एक जागा तरी आहे."

राग आला, इतका राग आला! आणि तिची दयाही आली. दया आली म्हणून आणखी राग आला. दादाला काही सांगितलं नाही.

१९ फेब्रुवारी
सकाळी दादाला म्हटलं, "अरे, ट्रे मांडताना माझ्याकडून अदलाबदल झाली. फुटलेली काळी वहिनीची आहे." तो हरखून तिला हाका मारत आत धावला. ती दारात येऊन माझ्याकडे बघत राहिली. तो ट्रे माझाच आहे हे सांगायला तिला आधी स्वतःचं नख कबूल करावं लागलं असतं. मी पिशवी उचलली. हे बसमध्ये लिहिते आहे.