राजूअक्काच्या खानावळीला लावलेली तीट

मु. कडगंची, ता. आळंद
मंगळवार, दुपारचे अडीच (जेवायची वेळ टळली)

प्रिय ज्ञानोबा मास्तर यांस,

कडगंचीहून राघोबाचा एक रामराम आणि एक जय भीम. (जय भीम तुझा, रामराम माझा. वाटून घ्यायची आपली सवय जुनीच हाय.) पुण्यात तू, लेक रत्नपाल, सूनबाई सगळे खुशाल असाल. तुझा गुडघा काय म्हणायलाय? घर चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट महिन्यातले दहा दिवस बंद, असं तू मागं कळवलंस, तवापासून मी रोज देवापुढं तुझ्या लिफ्टसाठी हात जोडायलोय. (तुझा देवावर विश्वास न्हाई हे मला ठाऊक हाय, पण लिफ्टला त्याचं काय.) माझी तब्येत उत्तम. ब्लडप्रेशर दोन वर्षांत पहिल्यांदाच उतरलंय. डॉक्टरनं दंडाचा पट्टा सोडला आणि विचारलं, काका, असं काय केलंत? मी सांगितलं, मी काही केलं न्हाई, राजूअक्काची खानावळ बंद झाली.

तर ते कळवायलाच हे पत्र. फोन कामून केला न्हाई म्हणशील. फोनमध्ये लिहिलेलं सगळ्या जगाला दिसतंय हे मला अलीकडंच कळलं, आणि कसं कळलं ते पुढं येईलच. पत्र एका पोस्टमनशिवाय कुणी वाचत न्हाई, आणि आपला पोस्टमन अर्ध्यातच कंटाळतो. तू जुना हेडमास्तर, तरी चुकांवर लाल पेन मारू नको. आधीच माझं कशात मन लागत न्हाई.

तू मागच्या दिवाळीनंतर रत्नपालसोबत गेलास तिथून सांगतो. आपलं टेबल, ते भिंतीकडचं, कॅलेंडराखालचं, मी एकट्यानं चालू ठेवलं. तुझ्या खुर्चीवर मी पिशवी ठेवायचो. (दोनदा एका परक्या माणसानं ती उचलून खाली ठेवली. मी पण मग त्याला शेंगाच्या चटणीची वाटी सरकवली न्हाई.) लोकांसाठी ती खानावळ हाय. माझं तसं न्हाई, हे तुला सांगायला नको. आमची ही गेल्याला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत दुपारी मला पाच मिनिटं उशीर झाला तर 'आज उशीर कामून केलास?' असं विचारणारं या गावात एकच माणूस हाय, आणि ते माणूस चुलीपुढं बसून भाकरी थापायलंय. म्हणजे थापायलं होतं.

पण तू गेलास आणि गिऱ्हाईक पातळ व्हायला लागलं. आधी फाट्यावर लायटिंगची तीन हॉटेलं निघाली. तिथं कोबीला लाल रंग लावून तळत्यात आणि माणसं उभ्यानं खात्यात. गावाजवळच्या विद्यापीठातली मंडळी आधी रविवारी आपल्याकडं दारापर्यंत उभी राहायची. ती यायची थांबली. ऐंशी ताटं होती, विसावर आली. अक्का मात्र पीठ ऐंशीचंच मळायची, कारण हाताला तेवढंच ठाऊक. अक्काचे मालक शिवप्रसाद अण्णा गल्ल्यावर बसून पेपर पाठ करायचे. मी या सगळ्याचं खापर काळावर फोडलं. काळ बदललाय, माणसाच्या जिभेला वळण राहिलं न्हाई, असं मी तिथं बसून रोज सांगायचो आणि ताकाचा दुसरा, तिसरा, चौथा पेला प्यायचो.

मग मी मनावर घेतलं. (इथून पुढं जे झालं त्याला मी जबाबदार हाय असं गावात म्हणत्यात. तू पूर्ण वाचून ठरव.) खताच्या दुकानाचा चन्नबसप्पा, मोबाईल दुकानाचा बसवप्रभु आणि मी, अशी आमची तिघांची कमिटी झाली. बसवप्रभु म्हणाला, हल्ली माणूस जेवायच्या आधी फोनमध्ये बघतो. तिथं लोकांनी चांदण्या दिलेल्या असत्यात, पाचपैकी किती ते, आणि खाली मत लिहिलेलं असतंय. आपल्या खानावळीला तिथं एक पण चांदणी न्हाई. मी म्हणलं, मग देऊ की, त्यात काय! अक्काच्या हातचं खाल्लेली माणसं या गावात थोडी हाईत का?

आता इथं मला एक गोष्ट आठवली आणि तिनंच घात केला. तुला आठवत असंल, सात-आठ वर्षांमागं पेपरात अक्काचा फोटो आला होता, 'कडगंचीची अन्नपूर्णा' म्हणून. तिसऱ्या दिवशी वावटळ आली, स्वयंपाकघराचे पत्रे उडाले आणि शेजारच्या म्हशीपुढं पडले. म्हशीला खरचटलं पण न्हाई, तरी आठ दिवस तिनं दूध दिलं न्हाई. ती नजर होती हे अख्ख्या गावानं मान्य केलं. (तू केलं न्हाईस. तू वाऱ्याचा वेग सांगत बसलास.) गोऱ्यापान लेकराला बाहेर नेताना आई गालाला काजळाची तीट लावती का न्हाई? मग जगापुढं मांडायच्या खानावळीला नको का? म्हणून मी कमिटीत ठराव मांडला, की प्रत्येकानं पोटभर कौतुक लिहावं आणि शेवटी एक बारीक खोट काढावी. चांदण्या पण पूर्ण पाच देऊ नयेत, एक राखून द्यावी. ठराव एकमतानं पास झाला.

अडचण अशी झाली की फोनवर कौतुक टाइप करायचं म्हणजे बोटं दुखून येत्यात. चार-चार ओळी कोण लिहिणार? बऱ्याच जणांनी विचार केला, कौतुक तर अक्काला माहीतच हाय, आणि नुसती तीट लिहून मोकळे झाले. चांदण्यांचं तर विचारूच नको. एकानं एक कापली म्हणून दुसऱ्यानं दोन कापल्या. चन्नबसप्पा म्हणाला, मला टायफॉइड झाला तवा अक्कानं महिनाभर पेज पुरवली, मी चार कापणार. ज्याची माया जास्त त्यानं जास्त कापल्या. महिन्याभरात बासष्ट माणसांनी एकेक चांदणी दिली. वरणात खडा, ताटात केस, दही आंबूस, आणि चन्नबसप्पानं तर टायफॉइडाच्या उपकाराला जागून भाजीत पाल घातली. बसवप्रभु म्हणतो, आपण कानडीत, मराठीत लिहिलेलं फोन आपोआप इंग्रजी करून दाखवतो. म्हणजे ती पाल पार केरळपर्यंत गेली.

उरलीसुरली वीस ताटं होती, ती नऊवर आली. पालीचं वाचून तालुक्याहून एक साहेब तपासणीला आले. अक्कानं त्यांना सगळं स्वयंपाकघर दाखवलं, डबे उघडून दाखवले, मग पाटावर बसवून जेवू घातलं. साहेबांनी स्वच्छतेला पूर्ण मार्क दिले आणि पाण्याचे दोन जग रिकामे केले. उन्हाचे आले होते, असं आम्ही एकमेकांना सांगितलं.

ज्ञानू, आता उगीच लांबण लावत न्हाई. मीठ. तुला ठाऊक हाय, मला ठाऊक हाय, अण्णांना आणि त्या बासष्ट जणांना पण ठाऊक हाय. दोन वर्षं झाली, अक्काच्या जिभेची चव गेली. वय झालं बाईचं. अंदाजानं घालायची आणि अंदाज रोज थोडा वर चढायचा. कुणी बोललं न्हाई. कुणी भाकरी वाढवून घेतली, कुणी ताक. परकी माणसं कशाला गप बसत्यात, ती यायची थांबली. लाल कोबीचा त्यात काही दोष न्हाई. मी काळाला दोष देत होतो तवा सुद्धा मला हे ठाऊकच होतं.

दसऱ्याच्या सुट्टीत अक्काची लेक विजयश्री आईबापाकडं आली. (मेहकरला शिकवती, आता दोन लेकरांची आई झाली, पण आपल्या वरणात तूप अजून तीच वाढती.) तिनं फोन उघडला आणि आईला एकेक रिव्ह्यू वाचून दाखवायला लागली. मी टेबलावर होतो. अक्का पदर तोंडाला लावून हसायली. खडा कुणाचा, केस कुणाचा, सगळे तिनं ओळखले. पालीला म्हणाली, 'ह्यो चन्नबसप्पा. ह्याच्या ताटात पाल पडली तर तिला खायला काय उरतंय?' मग माझा आला. मला खोटं सुचेना, ज्ञानू. अक्काच्या अन्नाला खोटं नाव ठेवायला हात उठेना. म्हणून मी खरं होतं ते लिहिलं, 'मीठ जरा जास्त असतंय. बाकी आई आठवती.' खाली माझं नाव, वर माझा फोटो, लग्नातला, फेट्याचा.

अक्का हसायची थांबली. तिनं अण्णांकडं बघितलं. अण्णा कॅलेंडराकडं बघायला लागले. मग लेकीला विचारलं, 'व्हय गं?' विजयश्री म्हणाली, 'थोडं, आई.' अक्कानं हात धुतले, आत गेली, आणि त्या दिवशी माझ्या ताटात दुसरी भाकरी अण्णांनी वाढली. 'किती दिवसापासून?' एवढंच आतून विचारलं तिनं. दुसऱ्या दिवशी चूल पेटली न्हाई. अण्णांनी दाराला 'बंद' अशी पाटी लावली. लोकांना वाटलं कुणी गेलं. चन्नबसप्पा हार घेऊन आला, मग तो हार त्यानं बाहेरच्या बाकड्यावर ठेवला, कारण परत नेणं बरं दिसत न्हाई.

आता अक्का माझ्याशी बोलत न्हाई. रागावली असती तर मी पाय धरले असते. ती लाजायली, आणि ते माझ्यानं बघवत न्हाई. मी रोज साडेबाराला जाऊन त्या बाकड्यावर बसतो. अण्णा येऊन शेजारी बसत्यात. दोन वाजेस्तोवर बसतो आणि आपापल्या घरी जातो. मी भात करून बघितला, भांडं टाकून द्यावं लागलं. चन्नबसप्पाची बायको गंगम्मा कधीमधी डबा देती. चांगला असतो. पण उशीर कामून झाला हे कुणी विचारत न्हाई, आणि मला लई वाईट वाटायलंय, ज्ञानू. उगीच मोठेपणानं लिहायचं म्हणून न्हाई लिहीत, खरंच वाटायलंय. महिना संपला की अक्का आणि अण्णा कायमचे मेहकरला लेकीकडं जाणार. भांडी बांधून झाली.

असो. बाकी सगळं ठीक. पाऊसपाणी बरं झालं, तुरीला फुलं लागली. सूनबाईला आशीर्वाद. लिफ्ट जपून वापर.

तुझा,
राघोबा

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलं. अण्णांनी अक्काची लई विनवणी केली. शेवटी ती म्हणाली, तुम्ही सगळे लबाड, ज्ञानोबा मास्तर तेवढे आयुष्यात खोटं बोलले न्हाईत, त्यांनी एकदा जेवून सांगावं, मग मी ठरवते. तवा तू येत्या पंधरवड्यातल्या एखाद्या रविवारी इथं ये. तिकिटाची काळजी करू नको. जेव, आणि मीठ बरोबर हाय म्हणून सांग. एवढंच काम हाय.

ता. क. दुसरा : तू पंचशील काढशील आणि चौथं, खोटं न बोलायचं शील म्हणून दाखवशील हे मला ठाऊक हाय. त्यावर मी विचार केलाय. येताना बसमध्ये खिडकीशी बस. सर्दी झाली की चव कळत न्हाई, म्हणजे तू बोललास ते खोटं ठरत न्हाई. हे पटत नसंल तर एक विचारतो. जायच्या आधी वर्षभर तू माझ्यासमोर बसून तेच जेवलास. अक्का विचारायची, कसं झालंय मास्तर? तू एकदा पण 'छान' म्हणाला न्हाईस. 'पोट भरलं, अक्का,' म्हणायचास. मला ते तवाच कळलं होतं, पण मी तुझी अब्रू राखली.

ता. क. तिसरा, बुधवार : पत्र टाकायला निघालो आणि दारात अण्णा उभे. हातात डबा. 'तिनं दिलाय,' एवढं म्हणून गेले. वरण, अंबाडीची भाजी, दोन भाकरी. आणि कागदाची एक पुडी, तिच्यात मीठ. अक्कानं कशातच घातलं न्हाई रे. ज्याचं त्यानं घ्यावं म्हणून वेगळं बांधून दिलं. मी चिमूटभर टाकलं, चाखलं, काहीच लागेना. आणखी टाकलं. असं करत अख्खी पुडी रिकामी केली, तवा कुठं ते आपल्या टेबलावरच्यासारखं लागलं. तू ये, ज्ञानू. खोटं बोलावं लागायचं न्हाई.