आईची इच्छा

१ जानेवारी १९९६, सोमवार. सकाळी ६.१०

विमा एजंटने दिलेली डायरी. आजपासून रोज लिहिणार. संकल्प तीन: पहाटे तापीच्या काठाने फिरणे, तंबाखू कायमची बंद, मुलींवर आवाज न चढवणे. आज थंडी आहे. फिरणं उद्यापासून.

६.४०. सुनंदाने चहा देताना सांगितलं की दिवस गेलेत. वर्षाची सुरुवात याहून चांगली कुठली? आनंदाने तंबाखूचा शेवटचा बार भरला.

या वेळी सगळं प्लॅनिंगने करायचं. मला स्वतःला मुलगा-मुलगी काही फरक नाही. मृणाल अकरा वर्षांची, गौरी सात, दोघींवर माझा जीव आहे. पण आईची इच्छा आहे. सत्तरी उलटली तिची. डोळे मिटायच्या आत नातवाचं तोंड दिसावं, एवढंच. नाव मी ठरवून ठेवलंय: निखिल.

सुरतेत प्लेग आला त्याच्या आदल्या वर्षी जे झालं ते पुन्हा नको. तेव्हा सोनोग्राफीत मुलगी दिसली, शिवाय सुनंदाची तब्येतही नाजूक होती, म्हणून करावं लागलं. त्याबद्दल जास्त लिहायला या पानावर जागा नाही.

१४ जानेवारी, रविवार

मधले बारा दिवस लिहिणं जमलं नाही. तंबाखू एकदम सोडणं शरीराला घातक असतं, असं वाचनात आलं. हळूहळू सोडणार.

आज उत्तरायण. सगळी सुरत गच्चीवर. गौरीने भाईदासचे दोन पतंग कापले आणि 'लपेट, लपेट' म्हणत नाचली. भाईदास म्हणजे आमच्या शाळेचा क्लार्क, शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहतो. गौरीचा हात बघून मनात आलं, हा हात मुलाचा असता तर! निखिलला पतंग मी स्वतः शिकवीन. आधी मला शिकावा लागेल.

आई दिवसभर फिरकी धरून गौरीच्या मागे उभी. बिचारीला नातू असता तर त्याच्या मागे उभी राहिली असती.

२६ जानेवारी, शुक्रवार

महाराष्ट्र मंडळात वक्तृत्व स्पर्धा. मृणालचा पहिला नंबर! विषय: मुलगा-मुलगी समान. भाषण मी लिहिलेलं. 'ज्या घरात मुलीचं स्वागत होत नाही, त्या घराला दार असून नसल्यासारखं' या वाक्याला टाळ्या. मंडळातल्या प्रमिलाबाईंनी तर पदराने डोळे टिपले. बक्षीस: स्टीलचा डबा.

डबा कपाटात वर ठेवला. निखिलच्या शाळेला उपयोगी पडेल.

१७ फेब्रुवारी, शनिवार

दगा! सरकारने सरळसरळ दगा दिला. भाईदासने स्टाफरूममध्ये पेपर दाखवला. गर्भात मुलगा आहे की मुलगी हे बघायचं नाही, सांगायचं नाही, असा कायदा लागू झालाय. कधीपासून? एक जानेवारी. म्हणजे मी संकल्प करत होतो त्याच सकाळी! इतकी वर्षं हे लोक झोपले होते का? नागरिकशास्त्र शिकवणारा माणूस आहे मी. कायदा चांगलाच आहे. पण वेळ कोणती निवडावी!

भाईदास म्हणाला, टेन्शन नहीं लेने का मास्तर. त्याच्या ओळखीच्या एक सोनोग्राफीवाल्या डॉक्टरबेन इथेच उधन्यात आहेत. त्यांच्याकडे खानदेशातल्या बायका खूप येतात आणि त्यांना नव्या कायद्याची पाटी मराठीतून लिहून हवी आहे. तुझं अक्षर मोत्यासारखं, ओळख वाढव, म्हणाला. शिवाय वेळ आलीच तर 'पुढचं' करणारा एक जण पलसाण्याच्या बाजूला आहे. असलं काही ऐकायलाही मला आवडत नाही. नंबर तेवढा मागच्या पानावर लिहून ठेवला. ही डायरी कुणी वाचत नाही, म्हणून बरं.

२४ फेब्रुवारी, शनिवार

पाटी लिहिली. चार कच्चे खर्डे झाले. शेवटी: 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे.' ठसठशीत. 'गुन्हा'च्या हाला जरा झोकदार शेपूट दिलं. डॉक्टरबेनना फार आवडली. चहा पाजला. हसत म्हणाल्या, सरस, आता कुणी विचारायला नको.

त्या हसण्यातच मी समजलो. पाटी बाहेरच्यांसाठी. लिहिणाऱ्याला थोडीच असते?

३ मार्च, रविवार

डायरीचं मागचं पान फाटलेलं. गौरीने होडी केली असणार. विचारलं तर नाही म्हणते. अर्धा तास ओरडलो. (संकल्प तीनमध्ये खोटं बोलण्याचा अपवाद धरलेला आहे.) सुनंदा कणीक मळत होती, तिने मान वर केली नाही. आईनेच गौरीला जवळ घेतलं. स्वतःच्या घरात माणसाची एक वस्तू सुरक्षित नाही.

१६ मार्च, शनिवार. दुपारी १२.३०

चपलाही न काढता लिहायला बसलोय.

डॉक्टरबेनकडे गेलो. मी, सुनंदा, आई. मी आत निघालो तर डॉक्टरबेननी बाकाकडे बोट दाखवलं. बाक नेमका माझ्या पाटीखाली. वीस मिनिटं स्वतःचं अक्षर वाचत बसलो. 'निदान'चा दा किंचित तिरका आलाय.

मग आई बाहेर आली. डोळे भरलेले. म्हणाली, विनू, पेढे आण.

बर्फी नाही. पेढे! मी तिथेच आईच्या पाया पडलो. सुनंदा आली तीही रडत होती. आनंद माणसाला काय काय करतो! डॉक्टरबेनना मी डोळ्यांनीच थँक्यू म्हटलं. त्या म्हणाल्या, बाळ छान आहे, लोहाच्या गोळ्या द्या, पालेभाज्या द्या. बाकी चेहऱ्यावर काही नाही. काय ॲक्टिंग! आईने बजावलं की कुठे बोलू नकोस, कायदा आहे. शब्द दिला.

१८ मार्च, सोमवार

स्टाफरूममध्ये फक्त आठ जणांना सांगितलं. भाईदासला म्हटलं, पलसाण्याची गरज नाही उरली. तो म्हणाला, शाबास. आईची इच्छा पूर्ण होणार!

९ एप्रिल, मंगळवार

सुनंदाला घागरसुद्धा उचलू देत नाही. पाणी मी भरतो. संत्री, डाळिंबं, खजूर आणतो. डाळिंब सोलून वाटीत दिलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली. प्रेमाने असावं.

मृणालने विचारलं, बाबा, आमच्या वेळी डाळिंबं आणली होती का? सांगितलं, तेव्हा सीझन नव्हता. ती म्हणाली, गौरीचा आणि या बाळाचा महिना एकच आहे. हल्ली मुलींना शाळेत उलट बोलायलाच शिकवतात.

२१ जुलै, रविवार

छोटी क्रिकेटची बॅट आणली. गौरी तिने गच्चीवर खेळली आणि आमच्याच खिडकीची काच फोडली. बॅट कपाटात, डब्याशेजारी. तंबाखू: बाळ झाल्या दिवसापासून नक्की बंद.

२७ ऑगस्ट, मंगळवार

पाच किलो पेढ्यांची ऑर्डर दिली, केशरी. मिठाईवाल्याने विचारलं, बाळ झालं का? म्हटलं, होणारच आहे. तो म्हणाला, मग पेढे कशावरून? मी नुसता हसलो. काही गोष्टी अनुभवी माणसालाच कळतात.

३ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ११.००

मुलगी.

११.२०. चूक झाली आहे. नर्सला सांगितलं, बाळ बदललं गेलंय, रजिस्टर दाखवा. ती म्हणाली, सकाळपासून इथे हे एकच बाळंतपण झालंय. म्हटलं, तरी तपासा. तिने दुपटं उघडून दाखवलं.

नाक माझं आहे. तेवढ्याने काही सिद्ध होत नाही.

४ सप्टेंबर, बुधवार

शाळेला दांडी मारून डॉक्टरबेनकडे गेलो. वेटिंगमध्ये बायका बसल्या होत्या, तरी बोललोच. विश्वासघात! तुम्ही पेढे सांगितलेत आणि निघाली बर्फी! डॉक्टरबेन मुळीच रागावल्या नाहीत. पाटीकडे बोट करून म्हणाल्या, साहेब, तमे लखेलुं, तमे ज वांचो. तुम्हीच लिहिलंय, तुम्हीच वाचा. सगळ्या बायकांसमोर मला ते मोठ्याने वाचावं लागलं. मग म्हणाल्या, मी काहीच सांगितलं नव्हतं. बाळ छान आहे म्हटलं होतं. आहे की नाही छान?

पाटी खरी होती. असलं कुणाच्या मनात तरी येईल का?

५ सप्टेंबर, गुरुवार

शिक्षकदिन. मुलांनी गुलाब दिला. स्टाफरूममधल्या आठही जणांनी विचारलं. भाईदासने नुसता खांद्यावर हात ठेवला. तो मला सर्वात जास्त लागला.

घरी आलो तर आई पेढे वाटून परत आलेली. मुलगी झाली म्हणून पेढे! प्रमिलाबाईंनी बर्फी का नाही असं विचारलं, तर आई त्यांना म्हणाली, आमच्याकडे पेढेच असतात.

मी आईला धारेवर धरलं. त्या दिवशी खोटं का बोललीस? तिने सरळ सांगितलं. सुनंदाने डायरी वाचली, मागचं पान फाडलं आणि तिला आणून दाखवलं. सुनंदाने! लग्नाला तेरा वर्षं झाली आणि माझ्या पाठीमागे माझी डायरी! मग दोघींनी मिळून ठरवलं की काय सांगायचं. मृणालला माहीत होतं. गौरीलाही माहीत होतं, सात वर्षांची पोर सहा महिने गप्प राहिली. पानासाठी ओरडा खाल्ला, तरी गप्प राहिली. म्हणजे माझ्या घरात मीच एकटा बाहेरचा.

म्हटलं, आई, अगं तुझ्यासाठीच तर केलं सगळं. तुझीच इच्छा होती.

आई म्हणाली, विनू, मला नातू हवा असं मी तुला कधी म्हटलं?

म्हटलं, कितीदा तरी. ती म्हणाली, माझ्यासाठी करत होतास तर एकदा विचारायचंस. त्र्याण्णव साली मी गप्प बसले, ते माझं पाप. सुनंदा आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि तू बाहेरच्या खोलीत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतास, आईची इच्छा. मी आत भाकरी थापत ऐकत होते.

मग डबा भरून दवाखान्यात गेली. कपाटातला स्टीलचा डबा. मला विचारलंसुद्धा नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी ७.००

फिरायला गेलो नाही. पुरावा शोधायला बसलो. आई आता विसरली असेल, वय झालं. पण लिहिलेलं खोटं ठरत नाही. ती नक्की कधी म्हणाली होती ती तारीख काढून तिच्यासमोर ठेवायची.

एक जानेवारी: आईची इच्छा आहे. चौदा जानेवारी: बिचारीला नातू असता तर. अठरा मार्च: आईची इच्छा पूर्ण होणार. पान न पान बघितलं. 'आई म्हणाली' असं फक्त तीनदा आहे. सोळा मार्चला पेढे आण म्हणाली. त्याच दिवशी, कुठे बोलू नकोस. आणि कालचं.

बाकी सगळं अक्षर माझं आहे.